मागामागची भिंत

गुडगाव, १६ जून २०२४

आप्पा,

लांबूनच पाया पडतो.

मंगलआक्का काल फोनवर म्हणाली, तुम्ही माग विकलासा. भंगारवाला चार माणसं घेऊन आलता आणि जेवायच्या आत सगळं खोलून घेऊन गेला म्हणं. मी विचारलं, आप्पा काय म्हणाले? तर म्हणाली, काय न्हाय, सगळ्यास्नी च्या दिला. तुम्हाला फोनवर ऐकू येत न्हाय आणि आक्का निपाणीला, म्हणून हे पत्र लिहाय बसलोय. सातवी सोडल्यापासून एवढं मोठं कायबी लिहिलं न्हाय. चुकलंमाकलं समजून घ्या.

आपल्या शहापुरातल्या त्या खोलीत माग न्हाय म्हंजे काय हाय, तेच मला दिसंना. मागामागची भिंत मी जन्मात सगळी बघितली न्हाय.

मी हितं काय काम करतो ते तुम्हाला नीट सांगितलंच न्हाय. आक्काला वाटतंय सुतारकाम. मी भिंतीवर चित्रं टांगतो. हसू नका. हॉटेलच्या खोल्या, मोठ्या लोकांचे फ्लॅट, दवाखाने. टेप, पेन्सिल, ड्रिल आणि सरळ हाय का बघायची बुडबुड्याची लेव्हल, एवढंच सामान. आमचा मुकादम मिश्राजी पहिल्याच दिवशी म्हणाला, चित्र भिंतीसाठी नसतंय, बघणाऱ्यासाठी असतंय. खोलीत जो सगळ्यात जास्त वेळ असतो त्याच्या डोळ्याची उंची घ्यायची आणि चित्राचा मध्य तिथं आणायचा. आपली माणसं छताला लावतात आणि मान मोडून बघतात, ते चूक.

हे शिकल्यावर मला आपलं घर आठवलं. आपल्या भिंतीवर आजवर काय टिकलं? माग सुरू झाला की कॅलेंडरसुद्धा सरकत सरकत वाकडं व्हायचं. आई गेली तेव्हा मी फोटो लावूया म्हणालतो. तुम्ही म्हणालासा, हादऱ्यानं पडंल, काच फुटंल, तिला परत एकदा पाडायचं का? चार वर्सं झाली. आता भिंत हलत न्हाय. आता आईचा फोटो लावूया.

मला भिंतीची लांबी-उंची कळवा. खिडकी कुठल्या अंगाला ते लिहा, न्हायतर काचेवर उजेड पडून आई दिसायची न्हाय. आणि तुमच्या डोळ्याची उंची. त्या खोलीत सगळ्यात जास्त वेळ तुम्हीच.

तुमचा
ज्योतिबा


शहापूर, २९ जून

चि. ज्योतिबा,

पत्र पोचलं. पोस्टमननं कडी वाजवली ती मला कळली न्हाय, समोरच्या अंबुबाईनं आणून दिलं. तिनं आधी वाचलं असणार, कारण हसत आलती.

माग गेला ते मला कानानं न्हाय, पायानं कळलं. चाळीस वर्सं फरशी थरथरत होती. आता सकाळी पाय खाली टेकला की वाटतंय, दुसऱ्याच्या घरात उतरलो.

भिंत अकरा फूट दोन इंच. उंची नऊ फूट. कमरेइतकी तेलाचे शिंतोडे उडून काळी झालीया, वर जुना निळा रंग तसाच. खिडकी उजव्या हाताला. माझी बाज समोरच्या भिंतीला, पहिल्यासारखीच. डोळ्याची उंची अठ्ठावन्न इंच. भिंतीला टेकून उभा राहिलो, पेन्सिलीनं खूण केली, मग टेप लावला. माप दोनदा घेतलंय.

फोटोचं अवघड हाय. तुझ्या आईचा एकटीचा फोटो न्हाय. आधार कार्डावरचा हाय, त्यात ती पोलिसानं धरल्यागत दिसती. दुसरा हाय तो आमचा दोघांचा. लग्नानंतर कणकुंबीच्या जत्रंला गेलतो, तिथं एकानं पडदा लावून फोटो काढायचं दुकान टाकलंतं. पडद्यावर बंगला, तळं, दोन हंस. मी खुर्चीवर, ती मागं उभी, तिचा हात माझ्या खांद्यावर. फोटोवाल्यानं ठेवाय लावला. एरवी चारचौघांत ती माझ्याकडं बघतबी न्हवती. हसाय लागली म्हणून त्यानं तीनदा थांबवलं.

कामावर टिकून हाईस न्हवं? सहा महिनं झालं. उद्यमबागेतल्या फाउंड्रीत तू तीन महिनं होतास, गोव्याच्या बेकरीत दोन, पेट्रोल पंपावर तर पगारबी घेतला न्हाईस. ह्या संक्रांतीला वरीस पुरं कर. मला तुझ्याकडनं तेवढंच बघायचं हाय.

आप्पा


गुडगाव, १४ जुलै

आप्पा,

तुमचं माप वाचून मिश्राजीला दाखवलं. म्हणाला, तेरे पिताजी को यहाँ भेज दे, तू घर जा. हितं पोरं लेव्हल लावून चित्र वाकडं टांगतात.

आता ऐका. अकरा फुटाच्या भिंतीवर पोस्टकार्डाएवढा फोटो लावला तर रिकाम्या ताटात लोणच्याची फोड ठेवल्यागत दिसंल. मोठा करून घ्यायचा. वीस बाय चोवीस. भोवती पांढरा माउंट, म्हंजे जाड कागदाचा काठ सोडायचा, मग फ्रेम. फ्रेम साधी लाकडी, सोनेरी नको, आईनं सोनं कधी घातलं न्हाय. काळ्या भागासकट सगळ्या भिंतीला आधी चुना मारून घ्या.

पण आप्पा, दोघांचा फोटो कसा लावायचा? ती गेलेली, तुम्ही जिते. हार कुणाला घालायचा? एकाच काचंवर हार घातला की तो दोघांस्नी पडणार. बघणारा दारातनं हात जोडील आणि तुम्ही बाजेजवळ उभं राहून च्या पीत असणार. खडेबाजारात धरणेंद्रच्या फ्रेमच्या दुकानात द्या. तो तुम्हाला कापून आईचा एकटीचा करून देईल. खांद्यावरचा हात कॉम्प्युटरवर काढता येतोय, कळतबी न्हाय.

हितल्या गमती सांगतो. मागच्या महिन्यात एका हॉटेलात दोनशे बारा खोल्यांत एकच चित्र लावलं. होडी. प्रत्येक पलंगाच्या वर तीच होडी, तेच पाणी. शेवटी शेवटी मला मळमळाय लागलं. एक बाई हाय, तिनं एक चित्र सात ठिकाणी लावून बघितलं आणि शेवटी म्हणाली, भिंतच आवडत न्हाय. माझंबी तसंच व्हाय लागलंय. पाय वळवळतात. सुरतेला एक दोस्त बोलावतोय. बघू.

फरशी नवी घालणार म्हणं, मागाचे बोल्ट काढलेली भोकं बुजवाय. ती झाली की डोळ्याची उंची परत घ्या. फरशी अर्धा-पाऊण इंच वर येती, मग जुनी खूण चालायची न्हाय.

ज्योतिबा


शहापूर, ३० जुलै

चि. ज्योतिबा,

सुरत नको. होडीची मळमळ सोसायची. मी साडीचा एकच काठ चाळीस वर्सं विणला, मला कुठं मळमळलं?

फोटो कापायचा न्हाय. धरणेंद्रकडं जाऊन आलो. त्यानंबी खुणेनं तेच विचारलं, मामा, तुम्हाला काढू का? बोलाय गेलो की माझा आवाज लई चढतो, म्हणून बरोबर पाटी ठेवतो; तिच्यावर लिहून दाखवलं, काढायचं न्हाय, दोघं ठेव. तो कानाजवळ तोंड आणून वरडाय लागला, मग ध्यानात आलं म्हणून त्यानंबी पाटीवरच लिहिलं, लोक काय म्हणतील? अंबुबाई तर दारात उभी राहून बोटं मोडाय लागली. जित्या माणसाचा फोटो मेलेल्याशेजारी टांगतात का, आयुष्य कमी होतंय म्हणं. मला तिचं ऐकू येत न्हाय हे एक बरं हाय, पण तिचे हात लई बोलतात.

तिचा हात माझ्या खांद्यावर हाय. तो कॉम्प्युटरनं काढायचा म्हंजे काय? आयुष्यात एकदाच ठेवलाता तिनं. हार नको घालू. फोटो तेवढा लाव. हाराचं पुढं बघतील ज्यांचं ते.

फ्रेम तयार झाली की धरणेंद्रच्याच दुकानात ठेवाय सांगितलीया. खिळा तू येऊन मारायचा. वरीस पुरं करून ये, संक्रांतीला. त्याच्या आधी न्हाय.

चुना मारला. फरशी झाली. डोळ्याची उंची चव्वेचाळीस इंच.

आप्पा


गुडगाव, १८ ऑगस्ट

आप्पा,

चव्वेचाळीस? फरशी अर्धा इंच वर येईल म्हणालतो, तुम्ही चौदा इंच वर आणलीसा. गवंड्यानं काय घातलंय, कट्टा? का टेपचं पुढचं तोंड तुटलंय? आईच्या शिलाई मशीनमधला जुना टेप असंल तर तो टाकून द्या, तो ताणलेला हाय.

मिश्राजीला सांगितलं तर लई हसला. म्हणाला, पिताजी बैठ के नाप रहे होंगे. बसून मापत असतील. मी म्हणालो, आमचे आप्पा दिवसा कधी बसत न्हाईत, माग बंद पडला तरी उभेच. तुम्हाला बसलेलं मी जेवतानाच बघितलंय.

असू दे. मी आलो की स्वतः मापतो. फोटो दोघांचाच लावू, तुमची हौस. अंबुबाईला सांगा, ज्योतिबा म्हणतोय, ह्यो फोटो लावला की आप्पांचं आयुष्य दुप्पट होणार, कारण आई त्यांना खांदा धरून खाली बसवून ठेवणार हाय.

मी गणपतीला येतोय. रजा मिळंना. मग सोडूनच येतो. एवढं वरीस-वरीस काय लावलंय? काम दुसरं मिळतंय. तुमच्या हातची आमटी खाऊन लई दिवस झालं. आक्काला फोनवर विचारलं तर आप्पा बरे हाईत, आप्पा बरे हाईत, एवढंच म्हणती. पोपटागत.

ज्योतिबा


शहापूर, २० ऑक्टोबर

चि. ज्योतिबा,

चष्म्याचा नंबर बदललाय, अक्षर दिसंना, म्हणून मी सांगतोय आणि मंगल लिहितीया. ती दसऱ्याला आलीया, राहील म्हणती थोडे दिवस.

गणपतीला आला न्हाईस ते बरं केलंस. येऊ नको म्हणून मीच मंगलला फोन कराय लावलातं. तू काम सोडून आला असतास तर मी दार उघडलं नसतं. आता तीन महिनंबी न्हाईत. तुझी आई म्हणायची, ह्या पोराच्या पायात भिंगरी हाय, ह्याला एक जागा कधी गावायची? ती बघाय न्हाय. मी बघतो.

फ्रेम झालीया म्हणून धरणेंद्रनं निरोप पाठवला. चांगली झालीया म्हणं.

समोरची भिंत चुन्यानं लई पांढरी दिसती. दिवसभर तीच बघतो. दुपारी खिडकीतनं ऊन येतंय ते फरशीवरनंच डाव्या कोपऱ्यापर्यंत सरकतंय आणि निघून जातंय. भिंतीच्या मध्यावर पडत न्हाय. काचेवर उजेड यायचा न्हाय, काळजी नको.

डोळ्याची उंची परत घेतली. सव्वीस इंच. हीच धर.

आप्पा


गुडगाव, ३ नोव्हेंबर

आप्पा,

दिवाळी हितंच केली. खोलीतल्या पोरांनी चिवडा केलता, खारट. आक्कानं फोनवर लई बोलू दिलं न्हाय, पोरं रडतात म्हणाली.

सव्वीस इंच वाचून मी पत्र उलटं धरून बघितलं. सव्वीस इंचावर फोटो लावला तर तो अंबुबाईच्या मांजरासाठी लावावा लागंल. मांजर येऊन रोज दर्शन घेईल. आप्पा, अठ्ठावन्नचं चव्वेचाळीस, चव्वेचाळीसचं सव्वीस. पुढच्या पत्रात मला फरशीखाली खिळा माराय लावणार हाईसा. रागावू नका, पण म्हातारपणी माप चुकाय लागलं तुमचं. नवीन चष्मा लवकर करा.

तुम्ही काळजी करू नका. मी अठ्ठावन्नच धरणार. पहिलं माप उभं राहून, दोनदा घेतलेलं, तेच खरं.

आणि ऐका, मी सुरतेला न्हाय म्हणालो. मिश्राजीनं आता मला दोन पोरं हाताखाली दिलीत. त्यांना मी पहिल्याच दिवशी सांगितलं, चित्र भिंतीसाठी नसतंय. संक्रांतीच्या गाडीचं तिकीट काढलंय. बेळगावात उतरलो की आधी खडेबाजारात जाणार, फ्रेम घेणार, मग घरी. तुम्ही दारात उभे राहा, लगेच माप घेतो.

ज्योतिबा


निपाणी, १० डिसेंबर २०२४

ज्योतिबा,

तेराव्याला तू माझ्याशी एक शब्द बोलला न्हाईस. मी निघताना पाठ फिरवून बसलास. फोन केला तर उचलत न्हाईस. म्हणून आप्पांसारखं पत्र लिहितीया.

आल्या दिवशी तू विचारलास, कधीपासनं ठाऊक होतं. जुलैपासनं. पोटात गाठ होती. डॉक्टर म्हणाले, उशीर झालाय, वय बघता चिरफाड नको. आप्पांनी पाटीवर तारीख विचारली. डॉक्टरांनी दिवाळी लिहिलं. आप्पांनी खाली लिहिलं, संक्रांत. जसं काय दुकानात घासाघीस करत होते.

मला आईची आण घातली. म्हणाले, त्याला कळलं तर तो सगळं टाकून येईल, आणि मग परत कुठंच टिकायचा न्हाय. माझ्यासाठी सोडलं म्हणत जन्मभर हिंडंल. मी काय करायचं होतं, सांग. रोज फोन ठेवला की तोंडात पदर धरून रडत होते.

तुझं दिवाळीचं पत्र मी त्यांच्या डोळ्यापुढं धरलं. चष्मा चांगला होता, हातात बळ न्हवतं. मांजराचं वाचून हसले. त्या महिन्यात तेवढंच हसले. मग पेन मागितला, धरवंना. मला म्हणाले, त्याला एवढंच लिही, माप बरोबर हाय. मी लिहिलं न्हाय. लिहिलं असतं तर तुला कळलं असतं आणि आण मोडली असती. पंधरा दिवसांत ते गेले.

आता लिहिते. ज्योतिबा, माप बरोबर हाय.

तुझी
आक्का


शहापूर, १५ डिसेंबर

आक्का,

पत्र अंबुबाईनं आणून दिलं. ह्या वेळी वाचलेलं न्हवतं, पाकीट बंद होतं.

तेरा दिवस त्या भिंतीला लोक टेकून बसलेते, खाली घोंगडी, वर माणसं. मी भिंत बघितलीच न्हवती. तुझं पत्र वाचलं आणि टेप घेऊन उठलो. चुन्यावर पेन्सिलीच्या तीन खुणा हाईत. बारीक, गव्हाच्या दाण्याएवढ्या. पुढं आप्पांच्या अक्षरात तारीख. अठ्ठावन्नची चुन्याखाली पुसली होती, ती त्यांनी नव्या फरशीवरनं मापून परत काढलीया. चव्वेचाळीसची जुलैमधली, खुर्चीवर बसून. सव्वीसची दसऱ्यानंतरची. ती तूच काढलीस न्हवं? त्यांनी बाजेवरनं हात दाखवला असंल आणि तू समोरच्या भिंतीवर टेप धरून बसली असशील. तारीख तेवढी त्यांची हाय, थरथरलेली. तिथवर त्यांना कसं आणलंस ते मी विचारणार न्हाय.

मी टेप लावला. तिन्ही मापं बरोबर आली. एका सुताचा फरक न्हाय.

मलाच कळाय पाहिजे होतं, आक्का. नऊवारी मापताना ज्या माणसाचं बोटभर कधी चुकलं न्हाय, त्याचं एकदम चौदा इंच चुकंल कसं? मी टेपला नाव ठेवलं, गवंड्याला ठेवलं, आईच्या मशीनला ठेवलं. मिश्राजीनं न बघता सांगितलं, बसून मापत असतील. मी हसलो. आप्पांनी बाकी सगळं लपवलं, तुझ्याकडनं लपवाय लावलं, पण माप तेवढं खोटं देता आलं न्हाय त्यांना. मी विचारलं आणि त्यांनी खरं सांगितलं. तीन वेळा. माझ्याच धंद्यातलं.

तुझ्यावर राग न्हाय. होता. आता कुणावर करू ते कळत न्हाय.

काल धरणेंद्रकडं गेलो. त्यानं फ्रेम कापडात गुंडाळून आतल्या कपाटात ठेवलीती. म्हणाला, "मामांना मी हाराचा हूक लावू का विचारलं. तर पाटीवर लिहिलं, हूक लाव, हार नको, लागंल तेव्हा एकच आणतील." मला त्यानं फ्रेम उचलू दिली न्हाय, स्वतः रिक्षापर्यंत घेऊन आला.

फोटो चांगला आलाय. हंस जरा फिकट पडलेत. आई हसू दाबतीया, ते मोठं केल्यावर दिसाय लागलं. आप्पा बसलेत, पाठ ताठ, आणि तिचा हात खांद्यावर. तो हात मी कॉम्प्युटरवर काढाय सांगत होतो.

अंबुबाई बघाय आलती. मी खाली बसून खूण धरली तर म्हणाली, "अरे वर, वर. एवढ्या खाली कोण टांगतंय? पोरं लाथ मारतील." मी म्हणालो, "मावशी, मी ह्याच कामाचा पगार घेतो." मग पदर खोचून तीबी खाली आली. लेव्हल धरून बसली माझ्यासाठी.

खिळा सव्वीसच्या खुणेच्या हिशोबानं मारला. फ्रेमचा मध्य बरोबर खुणेवर. भिंतीत जुना हादरा अजून हाय वाटतं, ड्रिल लावलं तर माती भुरभुर पडली, भोकात मोठी प्लास्टिकची गिट्टी घालावी लागली. हार एकच घातला. तो दोघांस्नी पडला. मग मी बाजेवर आडवा झालो, त्यांच्याच उशीवर, आणि समोर बघितलं. दोघं सरळ माझ्याकडं बघत होते. मान कुठंबी वळवावी लागली न्हाय. हॉटेलात एवढ्या खोल्या केल्या, एवढं बरोबर एकबी चित्र लागलं न्हाय माझ्याकडनं.

मी परवा परत जातोय. वरीस पुरं व्हायला एक महिना कमी हाय, तो पुरा करतो. संक्रांतीचं तिकीट रद्द केलेलं न्हाय, त्या दिवशी येईन.

चावी अंबुबाईकडं ठेवतो. तू पोरांना घेऊन येऊन जा. येशील तेव्हा दारातनं, उभ्या उभ्या बघू नको, कायबी दिसायचं न्हाय, नुसता हार दिसंल. बाजेवर वाकळ अंथरून ठेवलीया. आडवी हो, मग बघ.

ज्योतिबा